बदलास मोकळे असलेले लेखन : मसुदा, प्रारूप आणि अंतिम

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस हे वर्धा नदीच्या खोऱ्यातील औद्योगिक गाव होय. भोवताली वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी, जवळच सिमेंटचा व स्पंज आयर्नचा उद्योग आणि त्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती असे या गावाचे स्वरूप आहे. जनगणनेने ज्यास केव्हाच नगर मानले होते, त्या घुग्घुसचा कारभार दीर्घकाळ ग्रामपंचायतीकडेच होता. अलीकडच्या वर्षांत तेथे नगर परिषद स्थापन झाली. अशा गावाच्या वाट्याला शासकीय कागद अधिक येतात. नागरी क्षेत्राची उद्घोषणा, प्रभागरचना, मतदार याद्या, विकास योजना, खाणीसाठी भूसंपादनाची अधिसूचना, कारखान्याच्या विस्ताराचा पर्यावरणविषयक अहवाल असे अनेक दस्तऐवज प्रथम कच्च्या रूपात लोकांपुढे ठेवले जातात आणि नंतर पक्के होतात.

यांतील पुष्कळसे कागद मुळात इंग्रजीत लिहिलेले असतात. त्यांच्या शिरोभागी ‘ड्राफ्ट’, ‘प्रोव्हिजनल’, ‘प्रिलिमिनरी’, ‘इंटरिम’ किंवा ‘टेंटेटिव्ह’ यांपैकी एखादा शब्द असतो. वरवर पाहता या सर्वांचा अर्थ ‘अजून पक्के नाही’ एवढाच वाटतो. प्रत्यक्षात त्यांचे परिणाम परस्परांहून फार भिन्न आहेत. एका शब्दात हरकत घेण्याचा हक्क दडलेला असतो, तर दुसऱ्यात आजपासून पाळावयाचे बंधन असते. ज्या सरपंचाने किंवा नगरसेवकाने तो शब्द नीट वाचला नाही, त्याच्या गावाची मुदत टळून जाते. यास्तव बदलास मोकळ्या असलेल्या लेखनाचे वर्णन इंग्रजीत कसे होते व मराठीत ते कसे करावे, हा विषय केवळ भाषेचा राहत नाही.

मराठीची जुनी शिदोरी

या कामासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘मसुदा’ हा शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने आपल्या दफ्तरात आला. त्याचा मूळ अर्थ ‘काळे केलेले’ असा आहे. खाडाखोड करून कागद काळा झाला, की तो मसुदा. त्यावरून जी स्वच्छ प्रत तयार होई, तिला अरबीत ‘पांढरे केलेले’ अशा अर्थाचा शब्द होता. आजही आपण ‘कागद काळे करणे’ असे म्हणतोच. ‘खर्डा’ हा शब्द तर खरडण्याशीच नाते सांगतो. इंग्रजी ‘ड्राफ्ट’ हा शब्द ओढणे, रेखाटणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. म्हणजे इंग्रजाने रेघा ओढण्याकडे लक्ष दिले, तर दफ्तरातील कारकुनाने शाईच्या डागांकडे दिले.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर लगेच, ६ जुलै १९६० रोजी, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि प्रशासनाच्या परिभाषेचे काम पद्धतशीर सुरू झाले. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश यांसारख्या प्रकाशनांतून इंग्रजी संज्ञांना मराठी पर्याय मिळाले. कार्यालयीन टिप्पणीत आज ‘मसुदा मान्यतेसाठी सादर’ असे सहजपणे लिहिले जाते आणि लोकांसाठी प्रसिद्ध केलेल्या मसुद्यास बहुधा ‘प्रारूप’ म्हटले जाते. शब्द आहेत. उणीव भासते ती त्यांच्यामागील भेद ओळखण्याची.

दोन प्रश्न

समोर आलेला कोणताही कच्चा कागद ओळखण्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला प्रश्न असा, की यात बदल कोण करवू शकतो आणि केव्हापर्यंत? दुसरा प्रश्न असा, की तो बदल होईपर्यंत हा कागद लागू आहे काय? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून इंग्रजीतील या शब्दांचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग कार्यालयातील कच्च्या खर्ड्याचा. तो लेखनिकाकडून अधिकाऱ्याकडे आणि अधिकाऱ्याकडून वरिष्ठाकडे जातो. त्यात बदल करणारे सर्व जण कार्यालयातीलच असतात आणि स्वाक्षरी होईपर्यंत त्यास काहीही बळ नसते.

दुसरा वर्ग प्रसिद्ध केलेल्या प्रारूपाचा. येथे शासन किंवा स्थानिक प्राधिकरण आपला विचार लोकांपुढे मांडते आणि ‘हरकती व सूचना’ मागविते. अमुक नियम पूर्वप्रसिद्धीनंतरच करावेत, असे जेव्हा एखादा अधिनियम सांगतो, तेव्हा नियमांचे प्रारूप प्रसिद्ध करणे, ते कोणत्या दिनांकास किंवा त्यानंतर विचारात घेतले जाईल हे सांगणे आणि त्यापूर्वी आलेल्या हरकतींचा विचार करणे हे त्या प्राधिकरणावर बंधनकारक असते. या वर्गातील कागदाचा खरा गाभा म्हणजे मुदतीचा दिनांक.

तिसरा वर्ग ‘प्रिलिमिनरी’ अर्थात प्राथमिक अधिसूचनेचा. अंतिम निर्णय झालेला नसतो, पण काही परिणाम त्याच दिवसापासून सुरू होतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम ११ अन्वये प्राथमिक अधिसूचना निघाली, की तीत नमूद केलेल्या जमिनीचा व्यवहार करता येत नाही किंवा तिच्यावर बोजा चढविता येत नाही. हितसंबंधित व्यक्तीस हरकतीसाठी ६० दिवस मिळतात आणि कलम १९ अन्वये घोषणा त्यानंतर होते. ‘अजून प्राथमिकच आहे’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या शेतकऱ्याचे हात येथे आधीच बांधलेले असतात.

चौथा वर्ग ‘इंटरिम’ म्हणजे अंतरिम आदेशाचा व त्यासारख्या तात्पुरत्या व्यवस्थेचा. हे लेखन पुढे बदलणार किंवा संपणार हे निश्चित असते, तरी आज ते पूर्णपणे लागू असते. न्यायालयाचा अंतरिम आदेश हे याचे परिचित उदाहरण. राज्यपालांनी संविधानाच्या अनुच्छेद २१३ अन्वये काढलेला अध्यादेशही अल्पायुषी असतो, परंतु तो अमलात असेपर्यंत त्यास अधिनियमाइतकेच बळ असते. उलट विधानमंडळापुढील विधेयक कितीही महत्त्वाचे असले, तरी संमत होऊन अनुमती मिळेपर्यंत कोणास बांधत नाही.

‘टेंटेटिव्ह’ हा शब्द या चारही वर्गांच्या बाहेरचा आहे. दौऱ्याचा कार्यक्रम, परीक्षेचे वेळापत्रक, बैठकीचा दिनांक यांस तो लावतात. त्यातून हरकतीचा हक्क निर्माण होत नाही आणि बंधनही येत नाही. ‘संभाव्य’ हा त्यास योग्य मराठी शब्द होय.

‘तात्पुरता’ या शब्दाची अडचण

‘प्रोव्हिजनल’ या शब्दाबाबत विशेष सावधगिरी हवी, कारण तो इंग्रजीतच दोन अर्थांनी वापरला जातो. शिक्षकांच्या ‘प्रोव्हिजनल’ ज्येष्ठता यादीचा अर्थ असा, की ही यादी हरकतींसाठी खुली आहे, चूक असल्यास मुदतीत कळवावी. विद्यापीठाच्या ‘प्रोव्हिजनल’ प्रमाणपत्राचा अर्थ मात्र असा, की मूळ पदवी प्रमाणपत्र मिळेपर्यंत हे दाखवून काम भागवावे. मराठीत दोन्हीस ‘तात्पुरती यादी’ आणि ‘तात्पुरते प्रमाणपत्र’ म्हटले जाते. परिणामी ज्येष्ठता यादी पाहणारा शिक्षक ‘तात्पुरती आहे, पुढे पाहू’ असे म्हणतो आणि ती अंतिम झाल्यावर अर्ज घेऊन धावतो. अशा यादीस ‘प्रारूप ज्येष्ठता यादी’ म्हटले आणि तिच्या शिरोभागी हरकतीचा शेवटचा दिनांक छापला, तर हा गोंधळ टळेल.

‘सब्जेक्ट टू’ या इंग्रजी प्रयोगाचेही असेच आहे. ‘मंजुरीच्या अधीन राहून’ असे लिहिले असेल, तर ते काम मंजुरीपूर्वी सुरू करावयाचे की नाही, हे त्या वाक्यावरून कळत नाही. ‘न्यायालयाच्या निकालाच्या अधीन राहून नेमणूक’ या प्रयोगात मात्र नेमणूक आज झालेली असते, केवळ तिचे भवितव्य निकालावर अवलंबून असते. ‘मंजुरी मिळाल्यानंतरच काम सुरू करावे’ किंवा ‘नेमणूक आजपासून अमलात येईल, निकाल विरुद्ध गेल्यास ती रद्द होईल’ असे सरळ वाक्य लिहिण्यास चार शब्द अधिक लागतात. पुढचा पत्रव्यवहार मात्र वाचतो.

घुग्घुससारख्या गावात येणारे कागद

आता हे भेद प्रत्यक्ष कागदांवर लावून पाहता येतील. ग्रामपंचायतीच्या क्षेत्राचे नगर परिषदेत रूपांतर करावयाचे असेल, तर महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मधील कलम ३ अन्वये शासनास प्रथम आपला इरादा उद्घोषणेद्वारे जाहीर करावा लागतो. ज्यास हरकत असेल त्याने ती ३० दिवसांच्या आत, लेखी व कारणांसह, जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावयाची असते. ‘लेखी’ व ‘कारणांसह’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. सभेत केलेले भाषण किंवा तोंडी नाराजी ही हरकत ठरत नाही.

नगर परिषद झाल्यावर पुढे विकास योजनेचा प्रश्न येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम २६ अन्वये प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते आणि हरकती व सूचनांसाठी ३० दिवसांची मुदत असते. कोणत्या शेतातून रस्ता जाणार, कोणत्या भूखंडावर शाळा वा बाजार येणार, हे या नकाशात दाखविलेले असते. प्रारूप असल्याने ते बदलू शकते हे खरे. तथापि याच अधिनियमातील कलम ४६ नुसार बांधकाम परवानगीचा विचार करताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाकडेही नियोजन प्राधिकरणास लक्ष द्यावे लागते. म्हणजे हा कागद दुसऱ्या वर्गातला असला, तरी त्याची सावली आजच्या परवानगीवर पडते.

कोळसा खाणींसाठी १९५७ चा कोळसाधारक क्षेत्रे (संपादन व विकास) अधिनियम लागू होतो. त्यातील पायऱ्या खाणपट्ट्यातील प्रत्येक लोकप्रतिनिधीस अवगत असावयास हव्यात. कलम ४ ची अधिसूचना कोळशाच्या शोधाचा इरादा सांगते. कलम ७ ची अधिसूचना संपादनाचा इरादा सांगते आणि ती निघाल्यापासून ३० दिवसांत कलम ८ अन्वये हरकत घेता येते. कलम ९ ची घोषणा झाली, की जमीन केंद्र शासनाकडे निहित होते. तिन्ही कागद राजपत्रातच येतात, तिन्हींत सर्वे क्रमांकांची लांबलचक यादी असते आणि दिसावयास ते सारखेच असतात. त्यांतील कलमाचा क्रमांक आणि ‘इरादा’ की ‘घोषणा’ हा शब्द एवढ्यावरूनच हरकतीची वेळ आहे, की ती निघून गेली आहे, हे ओळखता येते.

कारखाना वा खाण यांच्या विस्तारासाठी जनसुनावणी होते, तेव्हा १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार लोकांपुढे ठेवला जाणारा अहवाल हा ‘ड्राफ्ट’ अहवाल असतो. सुनावणीची किमान ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावयाची असते. सुनावणीत उपस्थित झालेल्या मुद्द्यांचा विचार करून मगच अर्जदाराने अंतिम अहवाल तयार करावयाचा असतो. धूळ, पाणी, रस्त्यावरील जड वाहतूक यांविषयीचा जो मुद्दा सुनावणीच्या कार्यवृत्तात नोंदला गेला, त्याचे उत्तर अंतिम अहवालात द्यावे लागते. म्हणून सुनावणीच्या शेवटी स्थानिक भाषेत समजावून सांगितला जाणारा गोषवारा कान देऊन ऐकणे आणि आपला मुद्दा त्यात आला आहे काय हे तपासणे, हे प्रत्येक सदस्याचे काम आहे.

निवडणुकीच्या कागदांतही हाच भेद आहे. विधानसभेच्या प्रारूप मतदार यादीत नाव नसल्यास नमुना ६, एखाद्या नावास आक्षेप असल्यास नमुना ७ आणि नोंदीत दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावयाचा असतो. स्थानिक संस्थेच्या निवडणुकीसाठी जी प्रभागनिहाय प्रारूप यादी प्रसिद्ध होते, ती विधानसभेच्या यादीचेच प्रभागवार विभाजन असते. तीत नवीन नाव घालण्याची मागणी करता येत नाही. मतदार चुकीच्या प्रभागात गेला असल्यास तेवढी दुरुस्ती मागता येते. दोन्ही याद्यांवर ‘प्रारूप’ हाच शब्द असतो, परंतु काय बदलता येते याची मर्यादा वेगळी असते.

वनजमिनीची अधिसूचना

चंद्रपूर आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली हे दोन्ही वनजिल्हे असल्याने भारतीय वन अधिनियम, १९२७ चा उल्लेख येथे आवश्यक ठरतो. राखीव वन करण्याचा इरादा कलम ४ अन्वये जाहीर होतो आणि अंतिम अधिसूचना कलम २० अन्वये निघते. या दोहोंच्या मध्ये वन जमाबंदी अधिकाऱ्याने लोकांचे हक्क तपासावयाचे असतात. कलम ४ नंतर त्या जमिनीत नवे हक्क निर्माण होण्यास कलम ५ प्रतिबंध करते. म्हणजे हा कागदही तिसऱ्या वर्गातला आहे. पक्का नाही, तरी परिणामकारक आहे.

या अधिनियमातील एक तरतूद आजही लक्षात घेण्याजोगी आहे. कलम ६ नुसार हक्कांचे दावे मागविणारी उद्घोषणा आसपासच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावी लागते आणि दाव्यांसाठी किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी लागते. ज्याचे हक्क पणास लागले आहेत त्यास त्याच्याच भाषेत सांगितले पाहिजे, हे तत्त्व परकीय राजवटीच्या कायद्यानेही मान्य केले होते.

इंग्रजी मसुदा आणि मराठी वाचक

हेच तत्त्व अलीकडच्या एका प्रकरणात पुन्हा पुढे आले. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचे प्रारूप ११ एप्रिल २०२० रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाले. देशभरातील लोकांकडून त्यावर मते मागविली होती, पण इंग्रजी व हिंदी न जाणणाऱ्यांना ते वाचता येत नव्हते. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते प्रारूप संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत उपलब्ध करावे, असा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढविली. या आदेशामागील विचार सरळ आहे. जो मसुदा वाचता येत नाही, तो वाचकाच्या दृष्टीने बदलास मोकळा नसतोच.

मसुदा वाचला गेला, की काय घडू शकते, याचे उदाहरण शिक्षकांच्या परिचयाचे आहे. डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा मसुदा मे २०१९ अखेर केंद्र शासनास सादर केला. अहिंदी भाषक राज्यांत हिंदी शिकविण्यासंबंधीच्या मजकुरावर, विशेषतः तामिळनाडूतून, तीव्र हरकती आल्या. ३ जून २०१९ रोजीच तो मजकूर बदलण्यात आला. अंतिम धोरणास मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती २९ जुलै २०२० रोजी.

आपल्या प्रजासत्ताकाचा पायाभूत ग्रंथही अशाच मार्गाने सिद्ध झाला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली तयार केलेला मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी संविधान सभेच्या अध्यक्षांना सादर झाला. तो लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध करण्यात आला. त्यात ३१५ अनुच्छेद होते. संविधान सभेत २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या संविधानात ३९५ अनुच्छेद होते. मसुद्यात बदल होणे हा लेखकाचा कमीपणा नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

क्रियापद आणि प्रस्तावना

इंग्रजी मसुदा वाचताना एक गोष्ट फार फसवी ठरते. प्रारूप नियमांचा मजकूर अंतिम नियमांच्याच भाषेत लिहिलेला असतो, कारण हरकत न आल्यास तोच जसाच्या तसा कायम व्हावयाचा असतो. त्यामुळे आतील प्रत्येक वाक्यात ‘शॅल’ हे निश्चयार्थी रूप असते व मराठीत त्याचे ‘करण्यात येईल’, ‘असेल’ असे भाषांतर होते. मधलेच पान उघडून वाचणाऱ्यास निर्णय झाल्यासारखे वाटते. मसुद्याचे मसुदेपण आतील वाक्यांत नसून शीर्षकात आणि प्रस्तावनेत असते. राजपत्रातील मराठीत ‘ज्याअर्थी’ने सुरू होणाऱ्या परिच्छेदात ‘शासनाने असे करण्याचे योजिले आहे’ असे वाक्य असल्यास तो कागद बदलास मोकळा आहे. ‘शासन याद्वारे घोषित करीत आहे’ असे असल्यास विचाराची वेळ संपलेली आहे. गावात वाचून दाखविताना ही प्रस्तावना गाळली जाऊ नये.

अधिकाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

लोकांपुढे ठेवावयाच्या प्रत्येक कच्च्या कागदाच्या पहिल्या पानावर काही गोष्टी साध्या मराठीत असाव्यात. हा कागद प्रारूप, प्राथमिक, अंतरिम की संभाव्य आहे, हे एकाच शब्दात सांगावे आणि तोच शब्द शेवटपर्यंत वापरावा. तो कोणी व कोणत्या कलमान्वये काढला आणि त्याचा कोणता भाग आजपासून लागू आहे, हे लिहावे. हरकत कोणाकडे, कोणत्या रीतीने व कोणत्या दिनांकापर्यंत द्यावयाची, हे ठळक अक्षरांत असावे. ‘३० दिवसांच्या आत’ एवढे लिहून थांबू नये, कारण दिवस केव्हापासून मोजावयाचे हे सामान्य वाचकास ठाऊक नसते. प्रत्यक्ष दिनांक द्यावा. प्रारूपात सुधारणा करून ते पुन्हा प्रसिद्ध केल्यास जुन्या प्रतीऐवजी ही प्रत वाचावी, असे दिनांकासह नमूद करावे. फलकावरील जुनी प्रत काढून टाकावी.

पंचायत व नगर परिषद सदस्यांनी आपल्या बाजूने कागद आल्याची नोंद त्याच दिवशी ठेवावी, मुदतीचा दिनांक कार्यालयातील फळ्यावर लिहावा आणि हरकतीची पोच घेऊन जपून ठेवावी. शाळेतील शिक्षकांचे साहाय्य येथे मोलाचे ठरेल. इंग्रजी गोषवारा वाचून त्यातील दोन प्रश्नांची उत्तरे, म्हणजे केव्हापर्यंत बोलता येते आणि तोवर काय पाळावयाचे आहे, ग्रामसभेत वा प्रभाग सभेत सांगणे त्यांना सहज शक्य आहे. घुग्घुसच्या खाणपट्ट्यापासून गडचिरोलीच्या वनगावांपर्यंत जमीन, पाणी आणि मत यांसंबंधीचे निर्णय प्रथम मसुद्याच्या रूपानेच येतात, आणि ते बदलून घेण्याचा सोपा काळही तोच असतो.